केसपेपरवर मापाची एक ओळ : मानसोपचारतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात मानसिक आजारांवर औषधे लिहून देणाऱ्या सर्व डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

मी बार्शीत शिवणकाम करते. घरातच दोन मशिनी आहेत, एक शिलाईची आणि एक पिको-फॉलची. शिक्षण बारावीपर्यंत. पण गेली सोळा-सतरा वर्षं धाकट्या भावाची फाईल पिशवीत घालून मी ओपीडीच्या बाकावर बसते आहे. मध्यंतरी एका कामासाठी ती फाईल पहिल्यापासून चाळली. त्याच्या अंगावर काय काय घडलं ते फाईलमध्ये जवळजवळ कुठंच नव्हतं. माझ्या मापाच्या वहीत मात्र तारखेवार होतं. म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, मी गोळ्यांच्या विरोधात नाही. गोळ्या नसताना आमच्या घरात काय झालं ते पुढं येईलच. ज्यांना कुणाला हे पत्र वाचून उद्यापासून गोळ्या बंद कराव्याशा वाटतील त्यांनी तसं करू नये, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. एकदम बंद केल्यानं आजार उलटतो आणि आधीपेक्षा जोरात उलटतो. फिनलंडमध्ये अकरा वर्षांच्या नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास आणि संशयाच्या आजाराच्या, ज्या पेशंटनी त्यावरची औषधं घेतलीच नाहीत त्यांच्यात मरणाचं प्रमाण औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. तेव्हा भांडण गोळीशी नाही. गोळी देताना जे सांगायचं राहतं आणि दिल्यावर जे मोजायचं राहतं, त्याच्याशी आहे.

2009 सालची गोष्ट. धाकटा चोवीस वर्षांचा, पुण्यात एका कारखान्यात फिटर. खोलीतल्या पंख्यातून माणसं आपल्याविषयी बोलतात म्हणून त्यानं पंखा खाली उतरवून ठेवला आणि कामावर जायचं सोडलं. घरमालकानं फोन केला, मी आणि आई जाऊन त्याला घेऊन आलो. शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर स्वभावानं चांगले होते, फक्त बाहेर साठ माणसं बसलेली. हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "झोप लागेल, बरं वाटेल. गोळ्या चुकवू नका." एवढंच.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो ओट्यावर बसला होता. बघता बघता त्याची मान उजवीकडं वळायला लागली. आधी वाटलं, गल्लीत काहीतरी बघतोय. मग ती वळतच गेली, खांद्याच्या मागं. बुबुळं वर गेली, नुसते पांढरे डोळे. जबडा वाकडा झाला, जीभ बाहेर आली, आणि तो पूर्ण शुद्धीत होता. "अक्का, मान धर, अक्का मान धर" असं बोबडं ओरडत होता. मी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं तर ते दगडासारखं. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "हे डॉक्टरचं काम नाही गं, ह्याला बाहेरचं आहे."

आम्ही काय करणार होतो? टमटम करून शेजारच्या गावातल्या देवऋषाकडं नेलं. त्यानं भस्म लावलं, लिंबू उतरवला, रात्रभर बसवून ठेवलं. पहाटे मान आपोआप सैल झाली. इंजेक्शनचा जोर उतरला होता, हे मला कळायला पुढं सहा वर्षं लागली. त्या दिवशी श्रेय भस्माला मिळालं. आईनं गोळ्यांची पाकिटं उचलून परसातल्या खड्ड्यात टाकली. त्यानंतर सात महिने औषध नाही, अमावस्या-पौर्णिमेच्या खेपा, आणि एक दिवस धाकटा घरातून नाहीसा. चौथ्या दिवशी कुर्डुवाडी स्टेशनवर सापडला, अंगावर शर्ट नव्हता.

मान वळली त्याला डिस्टोनिया म्हणतात. तरुण मुलांमध्ये, पहिल्याच इंजेक्शननंतर, पहिल्या दोन-चार दिवसांत तो होऊ शकतो हे तुमच्या विद्येत जुनं झालेलं ज्ञान आहे. प्रोमेथाझिनचं एक साधं इंजेक्शन, जे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरकडंही होतं, त्यानं अर्ध्या तासात मान सरळ झाली असती. "मान, जीभ, डोळे वाकडे झाले तर घाबरू नका, औषधामुळं आहे, लगेच जवळच्या डॉक्टरकडं जाऊन हे इंजेक्शन घ्या," हे वाक्य बोलायला दहा सेकंद लागतात. राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, चांगलंच झालं. पण आम्हाला देवऋषाच्या दारात ज्यांनी नेऊन सोडलं त्यात न बोललेलं ते वाक्यही होतं.

तुमच्यातले बरेच जण म्हणतात, आणि एकदा मला तोंडावर म्हणाले, की दुष्परिणाम सांगितले की पेशंट औषध बंद करतात. आमच्या घरी तर न सांगितल्यामुळं बंद झालं. ज्याची कल्पना आहे तो त्रास माणूस काढतो. अचानक अंगावर आलेला त्रास भुताचा वाटतो, नाहीतर डॉक्टरच्या चुकीचा.

2010 च्या दिवाळीच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांकडं ओलॅन्झापाइन सुरू झालं. आवाज खरोखर कमी झाले, मुलगा जेवायला ताटावर बसू लागला, आम्ही देवाला नारळ फोडला. दिवाळीला त्याची पँट शिवली : कंबर 29, सीट 35. वहीत आहे. पँट शिवताना आम्ही मागच्या शिवणीत जास्तीचं कापड आत ठेवतो, अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. धाकट्याच्या पँटीला मी दोन इंच माया सोडली होती, भाऊ म्हणून जरा जास्तच. संक्रांतीला ती सगळी उसवली. पाडव्याला नवीन पँट, कंबर 33. पुढच्या दिवाळीला 36, त्याच्या पुढच्या दिवाळीला 38 आणि पोटावर बटण लागेना.

भूकच तशी होती. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात डब्यांचा आवाज यायचा. आठ भाकरी खाऊन उठलेला मुलगा तासाभरात शेंगदाण्याच्या डब्यात हात घालून उभा. आई डबे लपवायची, तो चिडायचा, गल्ली म्हणायची, "बसून खातोय नुसता." आम्हीही म्हणालो. मीही. ते औषध भूक भागल्याची जाणीवच मंद करतं हे कुणी सांगितलं असतं तर निदान त्याला आळशी म्हटलं नसतं. प्रत्येक खेपेला फाईलवर काय लिहिलं होतं? "बरा आहे. तीच औषधं चालू." दोन वर्षं, तीच ओळ. वजनाचा काटा त्या खोलीत होता, त्याच्यावर फायली ठेवलेल्या असायच्या.

2015 साली पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून आमच्या इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर उपाशीपोटी 260. वय तीस. आमच्या घराण्यात कुणाला साखर नाही.

नंतर मला कळलं की अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांच्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून 2004 सालीच एक वेळापत्रक घालून दिलं होतं. औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी बघायची. वजन पुन्हा चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला आणि मग दर तीन महिन्यांनी. साखर आणि रक्तदाब बाराव्या आठवड्याला आणि पुढं वर्षाला. कंबर वर्षातून एकदा. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत असावी, असं मानतात. ही वेळापत्रकं कागदावर होती आणि माप माझ्या वहीत होतं. दोन्ही एकमेकांना भेटलेच नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत काट्यावर उभं केलं असतं तर औषध बदलता आलं असतं, मेटफॉर्मिन ही साखरेवरची गोळी सोबत देता आली असती, आहाराचं नीट सांगता आलं असतं. हे मी आज म्हणते, पण तेव्हाही हे सगळं माहीत असलेली माणसं होती, म्हणून म्हणते.

क्लोझापाइन ह्या मानसिक आजारावरच्याच औषधाची हकिगत तुम्हाला पाठ असेल, मला ती फार आवडते. 1975 साली फिनलंडमध्ये त्या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपून आठ माणसं गेली. औषध मागं घेतलं गेलं. पण बाकी कशानंच बरे न होणारे पेशंट त्यानं बरे होतात हे 1988 च्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं, आणि ते परत आलं ते एका अटीवर : आधी दर आठवड्याला रक्त तपासायचं. म्हणजे सगळ्यांत धोक्याचं म्हणून बाजूला ठेवलेलं औषध नुसतं मोजायला लागल्यामुळं वापरता आलं. मग बाकीच्या औषधांना टेप आणि काटा लावायला काय हरकत आहे?

साखर निघाल्यावर औषध बदलून रिस्पेरिडॉन झालं. वजन थोडं उतरलं. दोन वर्षांनी धाकटा एकदा मशिनीपाशी येऊन उभा राहिला. शर्टाचं कापड आणलं होतं. म्हणाला, "अक्का, ह्या वेळी खिसे दोन लाव. दोन्ही बाजूला. वर झाकण पण लाव, जाड." मी म्हटलं, पोलिसात भरती झालास काय? हसला नाही. छातीचं माप घ्यायला टेप मागून पुढं आणली आणि माझ्या हाताला लागलं. आम्ही रोज माणसांची मापं घेतो, बाईच्या आणि पुरुषाच्या अंगाचा फरक बोटांना कळतो. तो खाली बघत होता. मी माप वहीत लिहिलं आणि काही बोलले नाही. किती महिने तो बनियन न काढता आंघोळ करत होता, ते नंतर आईनं सांगितलं.

रिस्पेरिडॉननं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. पुरुषाची छाती वाढू शकते, बाईची पाळी थांबू शकते, दोघांच्याही लग्नाच्या सुखावर परिणाम होतो. ह्यातलं शेवटचं तर कुणी विचारतच नाही. ओपीडीत सगळ्यांसमोर "झोप लागते का, भूक लागते का" एवढंच विचारतात, त्यावर कुठला तरुण मुलगा स्वतःहून बोलेल? रक्ताची एक तपासणी झाली आणि औषध बदलून अ‍ॅरिपिप्राझोल सुरू झालं. आवाज काबूत आहेत. छाती थोडी उतरली, पूर्ण नाही. शर्टाला अजून दोन खिसे लागतात.

तेव्हा मी रागावले होते आणि एका ओळखीच्या वकिलाकडं गेले. तिथं जे शिकले ते तुम्हालाही माहीत असावं आणि माझ्यासारख्या घरच्या माणसांनाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वकील म्हणाले, दुष्परिणाम झाला म्हणजे डॉक्टर दोषी, असं नसतं. माहीत असलेला दुष्परिणाम नीट काळजी घेऊनही होऊ शकतो. प्रश्न असतो तो सांगितलं होतं का, आणि लक्ष ठेवलं होतं का. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा, अमलात आला 29 मे 2018 पासून. त्याच्या 22 व्या कलमात लिहिलंय की पेशंटला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीनं नेमलेल्या माणसाला, आजार काय आहे, उपचार काय देणार आणि त्या उपचाराचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे सांगितलं पाहिजे, आणि त्याला समजेल अशा भाषेत. मी ते दोनदा वाचायला लावलं. समजेल अशा भाषेत. आणि पुढं असंही आहे की सुरुवातीला पेशंट ऐकण्याच्या स्थितीत नसेल तर प्रतिनिधीला लगेच सांगा आणि पेशंट भानावर आला की त्याला संपूर्ण सांगा. सोळा वर्षांत "आता तू बरा आहेस, बस, तुला औषधाबद्दल सांगतो" असं धाकट्याला एकदाही कुणी म्हटलं नाही. संमती म्हणजे काय, ह्याच्या व्याख्येतही फायदे, धोके आणि दुसरे पर्याय सांगणं धरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2008 च्या समीरा कोहली प्रकरणात संमतीविषयी जे म्हटलं त्यात क्वचित होणारा प्रत्येक लांबचा धोका सांगायची सक्ती नाही, हे खरं. पण ओलॅन्झापाइननं वजन वाढणं हा काय लांबचा धोका आहे?

25 वं कलम कागदपत्रं मिळण्याचा हक्क देतं. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. 28 व्या कलमाप्रमाणे, दाखल करून घेणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत सेवेत कमतरता असेल तर आधी तिथल्या प्रमुखांकडं, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडं, तिथंही नाही झालं तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं तक्रार करता येते. 27 व्या कलमात मोफत कायदेशीर मदत आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, अपंगत्व असलेल्यांना आणि बायकांना तिथं वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं.

भरपाई हवी तर ग्राहक आयोग. 1995 साली शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पण त्यात एक खोच आहे : जिथं सगळ्यांनाच सगळं फुकट मिळतं तो दवाखाना त्यातून सुटतो. म्हणजे पैसे देऊन दाखवणाऱ्याला हा दरवाजा उघडा आणि सरकारी खिडकीवर फुकट गोळ्या घेणाऱ्या गरिबाला बंद. त्याला दिवाणी कोर्टात जावं लागणार, जिथं त्याच्या नातवापर्यंत तारखा पडतील. शिवाय 2019 च्या नव्या ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो. पण गोळ्या घेऊन दहा वर्षांनी तोंड वाकडं व्हायला लागलेल्या माणसाची दोन वर्षं कुठल्या दिवसापासून मोजायची? फौजदारी तर फारच दूर. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर त्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि माझ्या मते ते बरोबरही आहे. डॉक्टर तुरुंगात जाऊन माझ्या भावाची कंबर उतरणार नाही.

औषध कंपनीवर? अमेरिकेत ह्याच औषधांवरून काय झालं ते वकिलांनी सांगितलं तेव्हा मला शून्यं मोजता येईनात. मान्यता नसलेल्या वापरासाठी औषध खपवल्याबद्दल ओलॅन्झापाइनची कंपनी एली लिली हिनं 2009 साली सरकारला 1.4 अब्ज डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. रिस्पेरिडॉन आणि इतर दोन औषधांबद्दल जॉन्सन अँड जॉन्सननं 2013 साली 2.2 अब्ज डॉलर. 2019 मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्युरीनं लहानपणी रिस्पेरिडॉन घेऊन छाती वाढलेल्या एका माणसाच्या खटल्यात 8 अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. न्यायाधीशांनी तीन महिन्यांत तो 68 लाख डॉलरवर आणला, तरी काही कमी नाही. आपल्याकडं 2019 च्या ग्राहक कायद्यात उत्पादनाच्या जबाबदारीचं प्रकरण नवीन आलं. पण त्यातच सूट आहे : तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायची वस्तू असेल आणि कंपनीनं तज्ज्ञाला सूचना पोचवल्या असतील, तर कंपनी सुटली. डॉक्टर, म्हणजे कंपनीनं इशारा तुमच्या टेबलावर आणून ठेवला की तिचं काम झालं. पुढं तो इशारा आमच्यापर्यंत यायचा रस्ता एकच उरतो, तुमच्या तोंडातून. मेडिकलवाला तर पट्टीतून दहा गोळ्या कात्रीनं कापून देतो. खोक्यातला तो बारीक इंग्रजीतला कागद त्याच्या कचऱ्यात जातो.

वकिलांनी फाईल बघितली आणि विचारलं, "ह्यात तुम्हाला काय सांगितलं आणि काय नाही सांगितलं, ते कुठं लिहिलंय?" कुठंच नव्हतं. माझी वही त्यांनी बघितली, कौतुक केलं, म्हणाले की पुरावा म्हणून ठेवता येईल पण नुसत्या शिंपिणीच्या वहीवर किती टिकेल सांगता येत नाही. मी घरी येऊन धाकट्याला विचारलं, करायची का केस? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कोर्टात शर्ट काढून दाखवायला लागंल का?"

तिथं विषय संपला. केस केली नाही.

ज्यांना करायची असेल त्यांनी जरूर करावी. पण बहुतेक घरं करणार नाहीत, आमच्यासारखीच. मुलीचं लग्न, गल्लीतली तोंडं, आणि पुन्हा त्याच डॉक्टरांकडं जायचंय ही भीती. आमच्या भागात मानसोपचाराचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके, त्यांच्याशी वैर घेऊन जायचं कुठं? म्हणूनच कोर्टाला नाही, तुम्हाला लिहिते आहे.

मला काय हवंय ते फार नाही. पहिल्या गोळीबरोबर एक पान मराठीत द्या, मोठ्या अक्षरात. मान-जीभ वाकडी झाली तर काय करायचं ते त्यावर असू द्या. पायांत तळमळ सुटून एका जागी बसवेना झालं तर तेही औषधामुळं असू शकतं हे लिहा. आमच्या बाकावरच्या एका मावशींच्या मुलाला असंच व्हायचं. घरच्यांनी "फार बेचैन झालाय" सांगितलं, डोस वाढला आणि तळमळही वाढली. ताप, लाकडासारखं ताठ अंग, घाम आणि भान जाणं, हे सगळं एकत्र आलं तर गोळी थांबवून त्याच तासाला मोठा दवाखाना, हे लाल अक्षरात. क्लोझापाइन असेल तर ताप आणि घसा दुखला की त्याच दिवशी रक्त, आणि पोट साफ न होणं ही चेष्टेची गोष्ट नाही हेही. म्हाताऱ्या, विसरभोळेपणाच्या (डिमेन्शियाच्या) माणसाला रात्री शांत झोपावा म्हणून ह्यातली गोळी देताना घरच्यांना एवढं तरी सांगा की अशा माणसांत मरणाचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेत 2005 पासून चौकटीत इशारा छापतात. मग घरचे काय ते ठरवतील.

आणि केसपेपरवर एक ओळ मापाची. वजन, कंबर, साखर, तारीख. वर्षातून दोनदा जीभ बाहेर काढायला लावा, हात पुढं धरायला लावा, बूट काढून पाय बघा. दहा मिनिटं लागतात. तोंडाची न थांबणारी चाळवाचाळव, टार्डिव्ह डिस्कायनेशिया, सुरुवातीला सापडली तर काही करता येतं. जुनी झाली की गोळी बंद करूनही ती राहते. बाकावर एक आजोबा असतात, सारखं काहीतरी चघळल्यासारखं तोंड चालू. एसटीत कंडक्टर त्यांना गुटखा थुंकायला सांगतो. त्यांच्या तोंडात काहीच नसतं. मला नंतर एका शिकाऊ डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की थरथरीसाठी सोबत लिहितात ती ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी ह्या चाळवाचाळवीवर चालत नाही, उलट ती वाढवू शकते. आजोबांच्या चिठ्ठीवर ती अकरा वर्षं आहे.

दुष्परिणाम दिसला तर कळवा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडं त्याची नोंद होते. 1800-180-3024 हा बिनपैशांचा नंबर आहे आणि पेशंटलाही स्वतः कळवता येतं. धाकट्याचं मी कळवलं. फोनवरच्या मुलीनं गोळीचं नाव, कधी सुरू केली, काय झालं, सगळं विचारून घेतलं. इतक्या वर्षांत त्याला काय झालं हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून घेणारी ती पहिली व्यक्ती होती.

तुमच्याकडं वेळ नाही हे मी बघते. एका सकाळी शंभर-शंभर पेशंट, पाणी प्यायला उठत नाही तुम्ही. मग मोजायचं काम तुम्हीच करायला पाहिजे असं कुठं आहे? बाहेर बाकावर आम्ही तीन-तीन तास बसलेल्या असतो. कुणाची आई, कुणाची बहीण, कुणाची बायको. एक काटा बाहेर ठेवा, भिंतीला एक टेप लटकवा, पानावर रकाने छापा. आम्ही भरून आत आणतो. तुम्ही फक्त त्या रकान्याकडं बघा आणि आकडा वाढलेला दिसला की "तीच औषधं चालू" लिहायच्या आधी क्षणभर थांबा.

गुरुवारी आमची तारीख आहे. मी माझी टेप आणते आहे. ह्या वेळी धाकट्याची कंबर 36 भरली, दोन इंच उतरली आहे. तेवढं केसपेपरवर लिहून घ्या.

आपली,
एका पेशंटची अक्का
बार्शी